किल्ला शिकवला, तह राहून गेला

मालवणच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि १६६७ साली किल्ला उभा राहिला, हे जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेतले मूल न अडखळता सांगते. त्याच १६६७ सालची दुसरी घटना मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. कुडाळ प्रांतातले काही देसाई शिवाजी महाराजांशी बिनसल्यावर पोर्तुगिजांच्या हद्दीत आश्रयाला गेले होते आणि तिथून स्वराज्याच्या मुलखाला उपद्रव देत होते. नोव्हेंबर १६६७ मध्ये महाराजांनी बारदेशावर स्वारी केली आणि डिसेंबरात गोव्याच्या व्हाइसरॉयशी तह केला. देसायांना आवर घालावा, पकडलेली माणसे परत करावीत, व्यापाराला अडथळा होऊ नये, असा त्या तहाचा आशय होता. ज्या राजाने समुद्रात तट बांधला, त्यानेच त्याच वर्षी शेजारच्या परकी सत्तेशी कागदावर बोलणे पुरे केले. यातले पहिले काम आपण मुलांना अभिमानाने शिकवतो आणि ते योग्यच आहे. दुसरे आपण शिकवत नाही. शांततेचे शिक्षण आपल्याकडे इतके फिके का उतरते, याचे कारण मला या वगळण्यात दिसते.

शांततेचे शिक्षण ही कल्पना आपल्या शिक्षणव्यवस्थेला नवी नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी या विषयासाठी स्वतंत्र अभ्यासगट नेमला गेला आणि त्याने आपला निबंधही सादर केला. महाराष्ट्रात मूल्यशिक्षणाचे तास झाले, परिपाठात बोधकथा आल्या, रागावर ताबा कसा ठेवावा, भांडण कसे मिटवावे यांवर उपक्रम झाले. हे सगळे चांगले आहे. पण यात शांतता हा माणसाच्या स्वभावाचा गुण होऊन बसतो. दुसरीकडे नववीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात भारताच्या परराष्ट्र धोरणावर, सुरक्षा व्यवस्थेवर, संयुक्त राष्ट्रांवर प्रकरणे आहेत. तिथे अलिप्तता, पंचशील, निःशस्त्रीकरण हे शब्द येतात आणि परीक्षेच्या टिपांपुरते राहतात. परिपाठातली शांतता आणि राज्यशास्त्रातले धोरण यांची गाठ कधी पडतच नाही. माझे म्हणणे असे की शांतता ही राष्ट्रांनी घेतलेल्या निर्णयांतून घडते किंवा मोडते. त्या निर्णयांना तारखा असतात, किंमत असते, चुका असतात आणि त्या चुकांची भरपाई कोणाला तरी करावी लागते. म्हणून शांततेचे शिक्षण इतिहासाच्या तासाला, आपल्या देशाच्या परराष्ट्र व्यवहाराच्या उजेडात व्हायला हवे. सिंधुदुर्गातल्या शिक्षकाला त्यासाठी दूरची उदाहरणे शोधावी लागणार नाहीत.

या किनाऱ्यावर परराष्ट्र व्यवहार दाराशी येऊन उभा राहिलेला आहे. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती आणि गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना तिचा आधार होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला आपल्या राजघराण्यातले नाव दिले आणि पुढे अटी घालून तो कोल्हापूरच्या करवीरकरांना परत केला. १८१२ मध्ये मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले ते लढाईत हरून नव्हे. करवीरकरांनी तहाने ते दिले. समुद्रावरची लूटमार थांबवावी, ही कंपनीची मागणी त्या तहामागे होती. त्याच वर्षी सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले गेले. आज जी हद्द ओलांडून आपण गोव्यात शिरतो, तीही तहातूनच आखली गेली. करवीरकरांशी चाललेल्या झगड्यात मदत मिळावी म्हणून सावंतवाडीकरांनी १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांना दिले. शेजाऱ्याशी भांडण चालू असताना तिसऱ्याची मदत घेतली की शेवटी जमीन जाते, याचा एवढा स्वच्छ दाखला क्वचितच मिळेल. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या जाड पुस्तकांत जे सूत्ररूपाने लिहिलेले असते, ते बांद्याच्या विद्यार्थ्याला सायकलवरून जाऊन पाहता येते.

याच धाग्याचा आणखी एक पदर थेट हेगच्या न्यायालयापर्यंत जातो आणि मराठी वाचकाने तो ध्यानात ठेवावा असा आहे. १७७९ मध्ये पुणे दरबाराने पोर्तुगिजांशी तह केला आणि पुढे १७८३ व १७८५ च्या सनदांनी दादरा व नगर हवेलीची गावे त्यांना दिली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ही ठाणी पोर्तुगिजांच्या हातून सुटली आणि तिकडे फौज नेण्याचा रस्ता भारताने अडवला. तेव्हा डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. पेशवाईतला तह सुमारे एकशे ऐंशी वर्षांनी जगातल्या नामवंत न्यायाधीशांसमोर वाचला गेला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी पोर्तुगिजांना त्या गावांचा वसूल दिला होता, सार्वभौमत्व दिले नव्हते. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना भारताच्या हद्दीतून जाण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा नव्हता. आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही. निकाल पूर्णपणे कोणा एकाच्या बाजूचा नव्हता. तरीही भारत न्यायालयात हजर राहिला, त्याने वाद घातला आणि पुणे दरबारच्या कारकुनांनी लिहिलेल्या मजकुराचा नेमका अर्थ त्याच्या उपयोगी पडला. आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने सोडवावेत आणि तहांचा मान राखावा, असे आपल्या संविधानाच्या ५१ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. तो अनुच्छेद पाठ करून घेण्यापेक्षा हा खटला एक तास शिकवला, तर मुलांना त्याचा अर्थ कळेल.

मात्र शांततेच्या शिक्षणाची खरी कसोटी १९५४ ते १९६१ या सात वर्षांत आहे, आणि ती आपल्याच सीमेवर झाली. एप्रिल १९५४ मध्ये भारताने चीनशी केलेल्या करारात पंचशीलाची तत्त्वे आली. एप्रिल १९५५ मध्ये बांडुंगच्या परिषदेत नव्याने स्वतंत्र झालेली आशिया-आफ्रिकेची राष्ट्रे जमली आणि वसाहतवाद व युद्ध या दोहोंना विरोध करणारा आवाज म्हणून भारताकडे जग पाहू लागले. त्यानंतर महिनाभरातच, १८ मे १९५५ रोजी, समाजवादी नेते ना. ग. गोरे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली. सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते. जुलैत मधू लिमये गेले. या माणसांना मारहाण झाली, लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही निःशस्त्र सीमेवर गेले आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. वीसहून अधिक माणसे त्या एका दिवशी मारली गेली. सीमेवरच्या पत्रादेवीला पंजाबातले कर्नैलसिंग पडले, तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी पडले. ज्या शिरोड्याने १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह केला, त्या शिरोड्यापासून तेरेखोल फार लांब नाही. त्या भागातल्या माणसांना निःशस्त्र प्रतिकार म्हणजे काय, हे पंचवीस वर्षे आधीपासून ठाऊक होते.

सरकारने यावर काय केले? पोर्तुगालची दिल्लीतली वकिलात त्याआधीच बंद करायला लावली होती. आता गोव्यातले आपले वाणिज्य दूतावासाचे कार्यालयही मिटले. सप्टेंबर १९५५ पासून सत्याग्रहींना सीमा ओलांडायला मज्जाव झाला आणि व्यापार, रेल्वे, येणेजाणे यांची नाकेबंदी कडक करण्यात आली. पंडित नेहरूंची अडचण खरी होती. जगभर ते शक्तीच्या वापराविरुद्ध बोलत होते. गोव्यात सैन्य घातले असते तर त्यांच्या शब्दाची किंमत गेली असती. पण समाजवादी नेत्यांचा सवालही तितकाच खरा होता. निःशस्त्र माणसे मरत असताना सरकारने त्यांना मागे ओढायचे आणि स्वतःही काही करायचे नाही, याला शांततेचे धोरण म्हणायचे का? नाकेबंदीने पोर्तुगाल नमला नाही. अन्नधान्य दुसऱ्या देशांतून आणले गेले, त्याच वर्षांत गोव्यातल्या लोहखनिजाची निर्यात वाढली आणि पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांची राजवट टिकून राहिली. तुटले ते सावंतवाडी आणि पेडण्यातले रोजचे संबंध. सोयरीक, देवस्थानांच्या जत्रा, बाजारहाट, सगळ्यावर पहारा आला. आर्थिक निर्बंध म्हणजे रक्त न सांडता दबाव आणण्याचा मार्ग, असे आज जगभर मानले जाते. तो दबाव नेमका कोणावर पडतो, हा प्रश्न इथल्या गावांच्या आठवणीतून विचारता येतो. माझ्या मते नेहरूंचा संयम तत्त्वाने बरोबर होता आणि व्यवहारात अपुरा होता. सत्याग्रह थांबवताना त्याच्या जागी दुसरा परिणामकारक मार्ग त्यांनी उभा केला नाही. हे मत काहींना पटणार नाही. वर्गात त्यावर वाद झाला तर मला आनंदच वाटेल.

डिसेंबर १९६१ मध्ये अखेर सैन्य गेले. अवघ्या दोन दिवसांत, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. भारताचे २२ जवान कामी आले, पोर्तुगिजांचे सुमारे तीस. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव आला. सात मते ठरावाच्या बाजूने, चार विरुद्ध, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो पडला. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कठोर टीका केली. आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांनी मात्र भारताची बाजू घेतली, कारण वर्षभरापूर्वीच, डिसेंबर १९६० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहती संपवण्याचा ठराव केला होता आणि गोव्यासह पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश वसाहतीच असल्याचे स्पष्ट केले होते.

या प्रसंगातले आणखी एक पात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासाल्लो इ सिल्व्हा यांना लिस्बनहून आज्ञा होती की शरणागती नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढायचे. त्यांनी ती पाळली नाही. जिंकण्याची आशा नसलेल्या लढाईत आपली माणसे आणि गोवेकर मारण्याऐवजी त्यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. मायदेशी त्यांना सैन्यातून काढले गेले. पोर्तुगालमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा मान परत मिळाला. १९८० मध्ये ते गोव्यात आले तेव्हा लोकांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले. शत्रूच्या गोटात असा माणूस असू शकतो, हे मुलांना सांगण्याला मी शांततेच्या शिक्षणाचा गाभा मानतो.

आणि विजयानंतर काय झाले, हेही सांगायला हवे. कैद केलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत परत गेले. पण लिस्बनने गोव्याचे विलीनीकरण मान्य केले नाही आणि दोन्ही देशांत राजनैतिक संबंधच उरले नाहीत. त्याची किंमत मोहन रानडे यांनी मोजली. सांगलीचा हा तरुण गोव्यात मराठीचा शिक्षक म्हणून गेला, आझाद गोमंतक दलात सामील झाला, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला आणि त्याला पोर्तुगालच्या तुरुंगात नेले गेले. गोवा मुक्त झाल्यावरही तो सात वर्षे तिथेच होता. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी त्याच्यासाठी धडपड केली, प्रश्न पोपपर्यंत गेला आणि जानेवारी १९६९ मध्ये तो सुटला. भारत आणि पोर्तुगाल यांच्यातला तह ३१ डिसेंबर १९७४ ला झाला. सैन्याला दोन दिवस लागलेल्या कामाला कागदावर तेरा वर्षे लागली.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. गोव्याचा प्रश्न शेवटी बळानेच सुटला ना? मग मुलांना शांततेचे गोडवे कशाला? मी ही गोष्ट लपवण्याच्या बाजूचा मुळीच नाही. ती लपवली की शांततेचे शिक्षण खोटे ठरते आणि मुले ते लगेच ओळखतात. पण बळाचे काम दोन दिवसांत का उरकले, हेही विचारायला हवे. आमसभेचा ठराव, हेगचा निकाल, सत्याग्रहींचे बलिदान आणि मित्रराष्ट्रांची तयार झालेली मने हे सगळे त्याच्या आधी झाले होते. त्यामुळे १९६१ चा भारत जगात एकटा पडला नाही. शिवाय बळ वापरल्यावरही तह बाकी राहतो, हे रानड्यांची सात वर्षे सांगतात. शांततावाद आणि शांततेचे शिक्षण एकच नाहीत. पहिला म्हणतो शस्त्र कधीच उचलू नये. दुसरे विचारते की शस्त्र उचलण्याआधी काय केले, उचलताना काय राखले आणि खाली ठेवल्यावर काय केले. उदाहरणार्थ, ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन मालवणात साजरा झाला. १९७१ मध्ये याच तारखेला नौदलाने कराची बंदरावर हल्ला केला, हे त्या दिवशी मुलांनी ऐकले. २ जुलै १९७२ ला भारत आणि पाकिस्तान यांच्यात सिमल्यात काय ठरले, तेही त्यांनी ऐकायला हवे. एका युद्धाच्या कथेचे हे दोन भाग आहेत आणि अर्धी कथा सांगणे हे नौदलाच्या पराक्रमालाही न्याय देणारे नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. शाळेत देशाच्या परराष्ट्र धोरणाची चिकित्सा सुरू झाली तर कोवळ्या वयात देशप्रेम डळमळेल, शिक्षक आपले राजकारण वर्गात आणतील, असे अनेक पालकांना वाटते. या भीतीतला शिक्षकाविषयीचा भाग मला मान्य आहे. चालू निवडणुकीतला, आजच्या सरकारचा, कालच्या चकमकीचा निवाडा शिक्षकाने वर्गात करू नये. म्हणूनच मी गोव्याचे उदाहरण घेतो. साठ वर्षांहून जुने, कागदपत्रे उघड असलेले, ज्यात नेहरूंची बाजू आणि त्यांच्या विरोधकांची बाजू दोन्ही देशभक्तांच्याच आहेत. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै हे १९४२ च्या लढ्यात तुरुंगात गेलेले, आंतरराष्ट्रीय युवक समाजवादी संघटनेचे अध्यक्षपद भूषवलेले. १९५७ पासून १९७० पर्यंत ते राजापूरचे खासदार होते आणि विरोधी बाकावरून परराष्ट्र धोरणावर सरकारला खडे बोल सुनावत. लोकसभा ते लक्ष देऊन ऐके. त्यांच्या देशप्रेमावर कोणी संशय घेतला नाही. धोरणावर प्रश्न विचारणे ही देशाची सेवा आहे, हे ज्या जिल्ह्याच्या नेत्याने संसदेत दाखवले, त्याच जिल्ह्याच्या शाळेत ते शिकवायला भिण्याचे कारण नाही. मालवणात त्यांच्या नावाचे सेवांगण आहे, कणकवलीत गांधीवादी अप्पा पटवर्धनांनी १९४८ मध्ये उभा केलेला गोपुरी आश्रम आहे. असे काम रुजवायला या जिल्ह्यात जागा आहेत.

तिसरे म्हणणे असे की हे सगळे दिल्लीचे विषय. रापण ओढणाऱ्याच्या मुलाला त्याचे काय? त्याला तर सर्वांत आधी आहे. समुद्रात देशांच्या हद्दी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पकडलेले गुजरातचे, पालघरचे खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. संबंध कितीही बिघडले तरी त्या याद्या दिल्या जातात, आणि त्या यादीत नाव आहे की नाही यावर एखाद्या घरातली चूल ठरते. परराष्ट्र धोरण मच्छीमाराच्या घरात असे शिरते. सीमा शांत झाली की काय होते, हेही इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. ज्या पत्रादेवीवर १९५५ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, तिथूनच आज सिंधुदुर्गातले रुग्ण गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात.

तेव्हा बांदा, आरोंदा, रेडी, शिरोडा इथल्या आणि मालवण-वेंगुर्ल्याच्याही शिक्षकांना माझी विनंती आहे. यासाठी नवा विषय नको, नवे पुस्तक नको, शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहायला नको. येत्या १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर, खाऊ वाटण्याआधी, १५ ऑगस्ट १९५५ ला इथून जवळच काय घडले ते मुलांना सांगा. वरच्या वर्गांना एक प्रश्न द्या: त्या दिवशी तुम्ही पंतप्रधान असता तर काय केले असते, आणि सत्याग्रही असता तर? उत्तरे लिहून घ्या, पण त्यांना गुण देऊ नका. वर्षातून एकदा मुलांची सहल तेरेखोलला न्या आणि किल्ल्याच्या तटाइतकाच वेळ तिथल्या हुतात्म्यांच्या आठवणीला द्या. आणि सिंधुदुर्ग शिकवाल तेव्हा १६६७ च्या तहाला निदान दहा मिनिटे काढा.